मेहरूच्या नावावर गेलेली चूक

मेहरुन्निसा आमच्या वस्तीत आली तेव्हा मला तिथं येऊन पाच वर्षं झाली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं लोक ते विसरले.

शहरातून बावड्याकडं जाताना डाव्या हाताला मुरमाड उंचवटा लागतो, तो टेकाचा माळ. त्याच्या पायथ्याला आमची तीसेक घरं. माळ कुणाच्या मालकीचा हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं. आमच्या सासवांच्या वेळेपासून बायका तिथं शेणी, म्हणजे जळणाच्या गोवऱ्या, लावत होत्या. शहरातल्या गोठ्यांतून बुट्ट्या भरून शेण आणायचं, त्यात पाचटाचा चुरा मिसळायचा, थापायचं, तिसऱ्या दिवशी उलटायचं, मग दोन-दोन शेणी एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. वाळल्या की रास रचायची आणि वरून पाचटानं शाकारायची. गिऱ्हाईक तिथंच यायचं. वस्तीतली निम्मी घरं नवऱ्याच्या पगारावर चालायची आणि निम्मी माळावर. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त माळावरच.

मेहरू आली ती दस्तगीर पिंजाऱ्याची बायको म्हणून. काडीसारखी बारीक, कडेवर लेक बाबालाल, आणि नवरा कापूस पिंजून पिंजून खोकल्यानं बेजार. पहिल्या आठवड्यात ती माळाच्या कडेला येऊन नुसतीच बघत उभी राहायची. मला दया आली. शेण किती मऊ घ्यायचं, चुरा किती घालायचा, हात कसा ओला ठेवायचा, सगळं मी तिला शिकवलं. वर्षभरात तिच्या शेणी माझ्यापेक्षा चांगल्या व्हायला लागल्या. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ती अशी.

चांगल्या म्हणजे किती? एका मापाच्या, कडेला चीर नाही, आतून खडखडीत वाळलेल्या. पंचगंगेवर मयतीला शेणी लागतात, त्यासाठी माणसं आमच्याकडं यायची. घरात मढं, डोळ्यांत पाणी, आणि तशातही विचारायची, "मेहरूभाभीची रास कंची?" माझी रास पुढं, रस्त्याला लागून. ती ओलांडून माणसं पलीकडं जायची. मेल्यावरसुद्धा लोकांना तिचीच शेणी लागायची, आता काय बोलायचं?

माझा नवरा बाळासो लाकडाच्या वखारीत कामाला होता. जळणातलं त्याला कळतं, असा त्याचा समज. एकदा जेवता जेवता म्हणाला, "मेहरूच्या शेणीला धूर कमी हाय की." त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर कोरड्यास मिळालं नाही. कोरडी भाकरी चावत तो माझ्याकडं बघत राहिला, आणि आपलं काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी जळत होते. लपवून काय करू? तिनं माझं काही वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण ती मला "अक्का" म्हणायची, सणाला शिरखुर्मा आणून द्यायची, आणि माझ्या राशीवरचं पाचट वाऱ्यानं उडालं तर मला न सांगता नीट करून ठेवायची. अशा बाईशी कुठल्या तोंडानं भांडायचं?

माझ्याजवळ एकच गोष्ट अशी होती जी तिच्याजवळ नव्हती. मी चौथी पास होते. वस्तीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. माहेरहून आलेली पत्रं माझ्याकडंच वाचायला यायची. मेहरू अंगठा करायची. या एका गोष्टीवर मी बारा वर्षं काढली.

तीही गोष्ट एकाहत्तर साली गेली.

त्या साली दवाखान्याच्या भिंतीवर नगरपालिकेच्या कचेरीनं एक कागद चिकटवला. दवाखाना आमच्या वस्तीपासून मैलभर लांब. मी कसल्याशा गोळ्या आणायला गेले होते. कागद बघितला आणि वाचलाही. अमुक सर्व्हे नंबर, तमुक चतुःसीमा, घनकचरा, हरकती असल्यास तीस दिवसांचे आत. वाचलं सगळं, कळलं काहीच नाही, आणि शेजारी उभ्या कंपाउंडरला विचारायची लाज वाटली. चौथी पास बाईनं विचारायचं कसं? मी घरी आले.

दोन दिवसांनी मेहरू दस्तगीरचं औषध आणायला गेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं कंपाउंडरला विचारलं. तो म्हणाला, टेकाच्या माळावर गावाचा कचरा टाकायचा डेपो होणार आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक झालं.

चिमणाबाई आमच्यातली सगळ्यात वयस्कर. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "शालू, तू गेलतीस की परवा दवाखान्यात. तुला दिसला न्हाय व्हय कागद?"

"तवा नव्हता," मी म्हटलं. मी खोटं बोलले.

डेपो आमच्या नशिबी कसा आला तेही मेहरूच विचारून आली. आधी जागा ठरली होती वरच्या अंगाच्या नव्या बंगल्यांच्या मागं, ओढ्याकाठी. बंगलेवाल्यांनी टाइप केलेले अर्ज दिले, वकील धाडला, आणि डेपो सरकत सरकत आमच्या अंगणात आला. शहरातली सगळी घाण, मेलेली कुत्री, दवाखान्याच्या पट्ट्या, सगळं आमच्या शेणींच्या जागी येणार. माळ गेला तर वस्तीतल्या पंचवीस बायकांनी हातावर हात ठेवून बसायचं. शिवाय माशा, वास आणि आडाचं पाणी नासलं तर तेही आमच्याच पोटात.

मेहरूच्या सांगण्यावरून मीच अर्ज लिहिला. लिहिलं मी, पण सुचवत होती ती. अर्ज गेला आणि उत्तर आलं की मंगळवारी दहा वाजता साहेब स्वतः जागेची पाहणी करायला येतील.

रविवारी सगळ्या बायका लिंबाखाली जमल्या. साहेबापुढं काय करायचं, काय बोलायचं? मेहरू म्हणाली, "कायबी करू नका. हाय तसं ऱ्हाऊ द्या. राशी, शेणाच्या बुट्ट्या, आपले भरलेले हात, समदं बगू दे त्याला."

आणि माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. म्हणजे मला ठाऊक आहे. दर वेळी हिचंच का ऐकायचं, हे शिरलं. मी उभी राहिले.

"सायबाला शेणात उभा करायचा व्हय?" मी म्हटलं. "आपल्या वस्तीला नाक हाय का न्हाय? त्यो बगील आन् म्हणंल, हितं आदीच घाण हाय, आनी चार गाड्या पडल्या तर काय बिगडलं? त्यापरीस माळ लख्ख करा. सडा घाला. सायबाला कळू दे, ही स्वच्छ माणसांची जागा हाय, हितं कचरा टाकायचा नसतो."

मग चिमणाबाई म्हणाली, "शालूचं खरं हाय." बयाबाई म्हणाली, "पावणं येनार म्हंजी झाडलोट नको व्हय?" एकेक करून सगळ्यांनी माना डोलावल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा वस्तीनं मेहरूचं सोडून माझं ऐकलं. मी इतकी खूष झाले की मला घरी जावंसंच वाटेना. मेहरूनं माझ्याकडं बघितलं आणि ती म्हणाली, "बरं. मग उद्या पाटंपासनं लागू या."

सोमवारी दिवसभर आम्ही माळ उपसला. प्रत्येकीनं आपल्या राशी मोडून शेणी घरात नेल्या. खाटांखाली, फळीवर, न्हाणीत, जिथं जागा मिळेल तिथं शेणी. आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाळासो दारात बसून जेवला. माळ खराट्यानं झाडला, ओल्या शेणाचे डाग खरवडून काढले, सडा घातला. मी स्वतः मधोमध रांगोळी काढली. सगळ्यात जास्त बुट्ट्या वाहिल्या कुणी? मेहरूनं. तिला पटलं नव्हतं, तरी सगळ्यात जास्त तिनंच वाहिल्या. बायका म्हणाल्या, मेहरूची कमाल हाय. सूचना माझी आणि कमाल तिची!

मंगळवारी साहेब आले. सोबत एक कारकून. चिमणाबाईनं ओवाळलं, मी खुर्ची पुढं केली, चहा दिला. साहेबांनी माळावर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा फुलला. "वा! छान आहे हो जागा," असं म्हणाले. कारकून लिहीत होता. काय लिहितोय ते विचारायचं कुणालाच सुचलं नाही. दहा मिनिटांत दोघं गेले. मी त्या दिवशी वस्तीतून छाती काढून चालले. मेहरूच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेले.

तीन आठवड्यांनी कचेरीचा कागद आला. बायका जमल्या आणि मी तो मोठ्यानं वाचायला घेतला. "सदर जागेची समक्ष पाहणी केली असता जागा स्वच्छ, मोकळी व विनावापर आढळली. शेणी लावण्याचा कोणताही मागमूस..." इथं मी कागद खाली केला. या वेळी मात्र मला वाचलेलं सगळं कळलं. जो माळ वाचवायचा होता, तो मीच झाडून पुसून त्यांच्या हातात दिला होता.

माझ्याकडं कुणी बघितलं नाही. चिमणाबाई जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसली. मला वाटलं, आता मेहरू बोलेल. बोल ना एकदा, मी सांगत होते म्हण, माझं ऐकलं न्हाय म्हण. मी वाट बघत होते.

"फुडं वाचा अक्का," मेहरू म्हणाली. "तारीक हाय का काय?"

तारीख होती. हरकतदारांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी येत्या शुक्रवारी कचेरीत हजर राहावं.

शुक्रवारी आम्ही अकरा जणी गेलो. मोठं दालन, वर पंखा. बंगल्यांच्या कॉलनीतले दोघे सद्गृहस्थ खुर्च्यांवर बसले होते, डेपो परत आपल्याकडं सरकत नाही ना ते बघायला. आम्ही भिंतीला लागून खाली बसलो. टेबलामागं दुसरेच एक मोठे साहेब होते, चष्मा लावलेले, तापट चेहऱ्याचे. त्यांनी पाहणीचा कागद वाचला, मग आमचा अर्ज वाचला, आणि चष्मा काढला.

"तुम्ही लिहिता, पन्नास वर्षं इथं शेणी लावतो. माझी माणसं गेली तेव्हा तिथं एक शेणी नव्हती. खोटं कोण बोलतंय?"

"आमी झाडून घेतलं हुतं सायेब," बयाबाई चाचरत म्हणाली.

"का? कचेरीची दिशाभूल करायला? कुणाच्या सांगण्यावरून? ज्या बाईनं हे सांगितलं तिनं उभं राहावं. तिचा जबाब लिहून घ्यायचाय."

जबाब म्हणजे फौजदार, आम्हाला एवढंच ठाऊक. पण मी भीतीनं बसून राहिले असं म्हणणार नाही. भीती होतीच. पण तिच्यापेक्षा मोठी होती लाज. मेहरूच्या देखत, बंगलेवाल्यांच्या देखत उठून म्हणायचं, ही चूक माझी, ही म्हणत होती तेच बरोबर होतं? माझे पाय उठेनात. दहा जणींना ठाऊक होतं आणि एकीनंही माझ्याकडं मान वळवली नाही. साहेब टेबलावर पेन्सिल आपटत होते.

मेहरू उठली.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "मेहरुन्निसा दस्तगीर पिंजारी. लिवून घ्या."

"का सांगितलंत?"

"तुमी येनार हुता म्हणून. सायेब, तुमच्या घरी पावणं यायचं असलं तर तुमच्या मालकीणबाई हातरुणं पसरून, खरकटी भांडी मांडून ठेवत्यात व्हय? घर आवरत्यात. मग त्या घरात कुणी ऱ्हातच न्हाय, असं पावण्यानं लिवून न्यायचं का?"

खुर्चीवरचा एक सद्गृहस्थ हसला आणि साहेबांनी बघितल्यावर थांबला.

"पुरावा काय?" साहेबांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"तुमीच या की. पर या टायमाला सांगून येऊ नगा. कागद धाडू नगा. कवाबी या, आन् दुपारचं नको, सकाळचं या."

साहेबांनी तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यावर तिचा अंगठा घेतला. निळी शाई तिच्या बोटावर चार दिवस राहिली. वस्तीतली पोरं ती बघायला जायची.

पुढच्या आठवड्यात, कारखान्याचा सकाळचा भोंगा नुकताच झाला होता, तेव्हा ते चष्मेवाले साहेब एकटेच सायकलवरून आले. आम्ही सगळ्या कोपरापर्यंत शेणात. कुणी उठलं नाही, कुणी खुर्ची आणली नाही. ते आम्ही परत रचलेल्या राशींमधून फिरले, बयाबाईला विचारलं कधीपासून लावता, चिमणाबाईला विचारलं तुमच्या सासूबाई लावायच्या का. तिथंच उभं राहून नवा कागद लिहिला, आणि मग एक गोष्ट केली जी आधीच्या साहेबांनी केली नव्हती. लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवलं. "काही चुकलं असेल तर सांगा," म्हणाले. मेहरू म्हणाली, "आडाचं ऱ्हायलं." ते त्यांनी लिहिलं. मग सगळ्यांनी अंगठे केले. मी सही केली, एकटीनं, लफ्फेदार. तिकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

डेपो आमच्याकडं आला नाही. दुसरीकडं कुठं तरी न्यायचं ठरलं. कुठं ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही, मेहरूला मात्र सुचलं. चालत जाऊन ती त्या वाडीतल्या बायकांना सांगून आली की पाहणीला माणसं आली तर काही आवरू नका आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावा. हे कळल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. या बाईला घरी काही काम होतं का नाही?

पण खरी आग पुढंच लागली. सुरुवातीला बायका मेहरूचं नाव घ्यायच्या ते मला सांभाळून घ्यायला. कुणी परकं विचारलं, माळ झाडायची ही अक्कल कुणाची, की म्हणायच्या, "आमच्या मेहरूची. पर तिनंच निस्तारलं." मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग वर्षं गेली. आणि त्यांना ते खरंच वाटायला लागलं. चिमणाबाई, जिनं लिंबाखाली सगळ्यांच्या आधी "शालूचं खरं हाय" म्हटलं होतं, ती नातसुनेला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं: "मेहरूनं झाडाय लावलं, आन् चूक कबूल करून मेहरूनंच वाचिवलं. असं काळीज पायजे बाईचं." मी तिथंच धुणं पिळत होते. लुगड्याचा पीळ सुटेना इतका आवळला.

म्हणजे माझ्या शेणी मागं पडल्या, माझं वाचणं मागं पडलं, आणि आयुष्यात मी एक मोठी चूक केली, तीसुद्धा हिच्या नावावर गेली!

मी तडक माळावर गेले. ती थापत होती.

"माझी चूक तू कशापायी घेतलीस गं?" मी विचारलं.

तिनं हात थांबवला नाही. "तुमी उठत न्हवता की अक्का," ती म्हणाली. "कुनीतरी उठाय पायजे हुतं."

एवढंच. तिनं माझ्यावर उपकार केले असं म्हटलं असतं तर मी तिथंच तिच्या झिंज्या धरल्या असत्या. ती तसं म्हणाली नाही. शेण संपलं म्हणून बुट्टी उचलून चालू लागली.

त्र्याऐंशी साली दस्तगीर गेला आणि बाबालालनं, जो आता जयसिंगपुरात शिवणकामाचं दुकान चालवत होता, आईला आपल्याकडं न्यायचं ठरवलं. वस्तीनं तिला माळावर बोलावून साडी द्यायचं ठरवलं. सतरंजी टाकली, बायका बसल्या. नव्या सुनांना सगळी हकीकत परत सांगणं आलं. बयाबाईनं सुरुवात केली: "मेहरूनं तवा माळ झाडाय लावला..."

बारा वर्षं मी हे गिळलं होतं. त्या दिवशी घशाखाली जाईना. मी उभी राहिले. पायांनी या वेळी साथ दिली.

"न्हाय," मी म्हटलं. "झाडाय मी लावलं हुतं. मेहरू नको म्हणत हुती. कचेरीत मी बसून ऱ्हायलो आन् ती उठली. ती चूक माजी हाय."

मग चिमणाबाई, नव्वदीला टेकलेली, बोळक्या तोंडानं हसली. "अगं शालू," ती म्हणाली, "आता ह्ये बी तुलाच पायजे व्हय गं?"

सतरंजीभर हशा पिकला. हसण्यात वाईट काही नव्हतं, तेच वाईट होतं. माझी जळफळ सगळ्यांना ठाऊक होती, अगदी पहिल्यापासून, आणि मला वाटत होतं मी ती झाकून ठेवलीय. मी मेहरूकडं बघितलं. तिला तरी खरं ठाऊक होतं.

"हसू नका," मेहरू म्हणाली. "अक्का खरं बोलत्यात. त्यांनीच सांगितलं हुतं."

मग बयाबाईनं डोळ्याला पदर लावला. "बगा," ती नव्या सुनांना म्हणाली, "जाता जातासुदीक अक्काचा मान ठिवला. असं मन कुनाचं असतंय?"

मी खाली बसले. मेहरू दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेली. तिच्या जाण्यानं माझा जीव थंड होईल असं मला वाटलं होतं. गिऱ्हाईक आता माझ्या राशीपाशी थांबतं, पत्रं माझ्याकडंच वाचायला येतात, वस्तीत माझ्यापेक्षा मोठं कुणी उरलेलं नाही. तिचा राग करायला एकही कारण आता माझ्याजवळ नाही, आणि तरी तो जात नाही.